अँबॅसडर मोटारगाडी

अँबॅसडर मोटारगाडी : हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार केलेली चार दारांची प्रवासी मोटारगाडी. ब्रिटनमधील ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ गाडीच्या तिसऱ्या मालिकेच्या आराखड्यावर ती आधारलेली होती. सु. ५७ वर्षांच्या काळात एंजिन, पुढील जाळी, दिवे व अंतर्भागातील सोयी यांत वेळोवेळी फेरफार झाले. परंतु गाडीचा मूळ आकार व सांगाडा शेवटपर्यंत ओळखू येण्याजोगा राहिला. मंत्री, जिल्हाधिकारी व सैन्याधिकारी यांचे वाहन म्हणून, तसेच कोलकाता व दिल्ली येथील टॅक्सी म्हणून ती देशभर परिचित झाली. भारतीय बनावटीची गाडी म्हणून तिला जशी प्रतिष्ठा लाभली, तसाच तिच्या दर्जाविषयी प्रदीर्घ असंतोषही व्यक्त झाला. संसद, वृत्तपत्रे, शासकीय समित्या व न्यायालय यांतून चाललेला हा वाद स्वातंत्र्योत्तर भारताच्या औद्योगिक धोरणाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात मोटारगाड्या तयार होत नसत, परदेशातून आलेल्या सुट्या भागांची येथे केवळ जुळणी होई. जनरल मोटर्सचा असा कारखाना मुंबईत १९२८ मध्ये सुरू झाला होता. फोर्ड कंपनीची जुळणी-केंद्रेही मोठ्या बंदरांच्या ठिकाणी होती. युद्धकाळात दोन भारतीय उद्योगसमूहांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. ब्रजमोहन बिर्ला यांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची, तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. प्रीमियरचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे उभा राहिला. हिंदुस्थान मोटर्सचे काम प्रथम सौराष्ट्रातील ओखा बंदरात चाले. १९४८ मध्ये ते उत्तरपाडा येथे हलविण्यात आले. मॉरिस कंपनीच्या गाड्यांवर आधारलेली ‘हिंदुस्थान टेन’, ‘हिंदुस्थान फोर्टीन’, ‘बेबी हिंदुस्थान’ व १९५४ मधील ‘लँडमास्टर’ ही अँबॅसडरच्या आधीची प्रमाणे होत.

पूर्ण तयार गाड्यांच्या आयातीवर १९४९ मध्ये बंदी आली. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने केलेल्या शिफारशींनुसार ज्यांच्याकडे गाडीचे भाग क्रमाक्रमाने देशातच बनविण्याचा निश्चित कार्यक्रम होता, अशाच कंपन्यांना पुढे काम करू देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. परिणामी केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी आपले काम आवरते घेतले. प्रवासी गाड्यांच्या क्षेत्रात मुख्यतः तीनच उत्पादक उरले : हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि मद्रास (चेन्नई) येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स. किती गाड्या काढाव्यात, कोणती यंत्रे आणावीत व त्यांसाठी किती परकीय चलन मिळेल, हे उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये मिळणाऱ्या परवान्यांवर अवलंबून असे.

रचना : अँबॅसडरचा आराखडा मुळात सदोष नव्हता. स्वतंत्र चौकट नसलेले एकसंध पोलादी शरीर, पुढील चाकांना पीळ-दंडांचे आणि मागील चाकांना पाट्यांच्या कमानींचे निलंबन, दंतपट्टी व दंतचक्र यांनी चालणारी सुकाणू यंत्रणा आणि चारही चाकांना द्रवीय ड्रम गतिरोधक ही तिची वैशिष्ट्ये १९५० च्या दशकातील मध्यम आकाराच्या ब्रिटिश गाड्यांच्या तोडीची होती. आरंभीचे १,४७६ घ. सेंमी. क्षमतेचे बाजूला झडपा असलेले एंजिन १९५९ मध्ये बदलण्यात आले व त्या जागी माथ्यावर झडपा असलेले १,४८९ घ. सेंमी. क्षमतेचे, सु. ५५ अश्वशक्तीचे एंजिन बसविण्यात आले. पुढे व मागे सलग बाके, उंच छत, सामानासाठी प्रशस्त कप्पा आणि जमिनीपासून पुरेशी उंची यांमुळे खडबडीत रस्त्यांवर सहा माणसे नेण्यास ती सोयीची ठरली. यंत्ररचना साधी असल्याने तालुक्याच्या गावातील मेस्त्रीही मोजक्या हत्यारांनिशी ती दुरुस्त करू शके.

मात्र ज्या देशात हा आराखडा जन्मला, तेथे १९५९ मध्येच ऑक्सफर्ड गाडीचे नवे, निराळ्या आकाराचे प्रमाण बाजारात आले. भारतात त्यानंतर ‘मार्क २’ (१९६३ च्या सुमारास), ‘मार्क ३’ (१९७५) व ‘मार्क ४’ (१९७९) अशी नावे बदलत गेली, तरी हे बदल बहुतांशी जाळी, दिवे व यंत्रफलक यांपुरते मर्यादित होते. सुकाणूच्या दांड्यावरील दंतचक्र-पालटाचा दांडा व ड्रम गतिरोधक अनेक दशके तसेच राहिले.

टीकेचे स्वरूप : १९६० च्या दशकात गाड्यांच्या दर्जाविषयीची तक्रार सार्वत्रिक झाली. नवी गाडी घरी आणल्यावर तिची दारे नीट न बसणे, पावसाळ्यात आत पाणी झिरपणे, रंग लवकर उडणे व पत्रा गंजणे, तेलगळती, दंतचक्र-पालटाचा दांडा अडकणे, गतिरोधक एका बाजूस ओढणे यांसारखे दोष ग्राहक सांगत. नवी गाडी ताब्यात येताच ती प्रथम मेस्त्रीकडे नेऊन सर्व पेच आवळून घेण्याची प्रथा पडली. ‘या गाडीचा भोंगा सोडून बाकी सारे वाजते’, हा विनोद त्या काळात देशभर प्रचलित होता. गतिरोधक, सुकाणू व निलंबन यांच्यातील दोष मात्र विनोदावर सोडण्यासारखे नव्हते. त्यांचा संबंध थेट प्रवाशांच्या व पादचाऱ्यांच्या जिवाशी होता. सुरक्षा-पट्ट्यांसारखी साधनेही या गाड्यांत दीर्घकाळ नव्हती.

या टीकेत दोन भिन्न गोष्टी वारंवार एकत्र केल्या जात : आराखड्याचा जुनेपणा आणि उत्पादनातील ढिलाई. जुना आराखडा काटेकोरपणे बनविला, तर गाडी विश्वसनीय होऊ शकते. उलट नवा आराखडा निष्काळजीपणे बनविला, तर तीही निरुपयोगी ठरते. ग्राहकांच्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या होत्या. दाराची फट किंवा गळणारे तेल हा मूळ आराखड्याचा दोष नसून साचे, पत्रा, सुटे भाग व तपासणी यांचा दोष होता. वृत्तपत्रीय लिखाणाचा रोख मात्र पुष्कळदा गाडीच्या कालबाह्य रूपावरच राहिला.

चौकशी व किंमत-नियंत्रण : वाढत्या तक्रारींची दखल घेऊन केंद्र शासनाने १९६७ मध्ये मोटारगाड्यांच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. दर्जाचा प्रश्न याच सुमारास किंमतींच्या प्रश्नाशी जोडला गेला. उत्पादकांनी पोलाद, टायर व मजुरी यांच्या वाढत्या खर्चाचे कारण देऊन किंमतवाढ मागितली. दर्जा सुधारत नसताना ग्राहकाने अधिक पैसे का द्यावेत, असा प्रतिप्रश्न लोकमताने केला. १९६९ मध्ये शासनाने गाड्यांच्या किंमतींवर वैधानिक नियंत्रण आणले. त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. दाव्याच्या ओघात किंमतींची तपासणी करण्यासाठी आयोग नेमण्यात आला आणि १९७१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. ठरविलेली किंमत ग्राहकाप्रमाणेच उत्पादकालाही न्याय्य असली पाहिजे व तीत गुंतविलेल्या भांडवलावर वाजवी परताव्याची तरतूद असली पाहिजे, हे त्यातील प्रमुख सूत्र होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास हे नियंत्रण उठविण्यात आले.

या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. किंमत बांधलेली असताना नवे साचे व यंत्रे यांसाठी पैसा उरत नाही, हे उत्पादकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ग्राहकाला दुसरी गाडी घेण्याची मुभा नसताना अधिक मिळालेला पैसा दर्जासाठीच खर्च होईल याची हमी काय, हा टीकाकारांचा प्रश्नही अनुत्तरित राहिला. नापसंतीची एरवीची अभिव्यक्ती म्हणजे खरेदी नाकारणे. ती येथे शक्य नव्हती. गाडीसाठी नाव नोंदवून प्रतीक्षा करावी लागे व हाती आलेली नवी गाडी अधिकृत किंमतीपेक्षा अधिक किंमतीला विकली जाई. जी वस्तू सदोष असल्याची सर्वांची तक्रार होती, तिच्यासाठीच रांग लागलेली असे.

कारणमीमांसा : दर्जा घसरण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली होती. गाडीचे पत्र्याचे भाग अवजड दाबयंत्रांत पोलादी साच्यांनी घडविले जातात. हे साचे अत्यंत महाग असतात आणि त्यांचा खर्च लाखो गाड्यांवर विभागला गेला, तरच परवडतो. १९६० व १९७० च्या दशकांत भारतातील सर्व उत्पादकांचे मिळून प्रवासी गाड्यांचे वार्षिक उत्पादन काही दशसहस्रांतच होते. त्यामुळे साचे झिजले तरी वापरात ठेवले जात. झिजलेल्या साच्यातून निघालेला पत्रा मापात बसत नसे आणि तो ठोकून बसवावा लागे. दारांच्या फटी व पाण्याची गळती यांचे मूळ येथे होते. खोल दाब सहन करणाऱ्या विशिष्ट प्रतीच्या पोलादी पत्र्याची टंचाई, परकीय चलनाचा तुटवडा आणि बाल्यावस्थेतील पूरक उद्योग यांची त्यात भर पडली. आयात भागांच्या जागी देशी भाग त्वरेने आणण्याचे बंधन असल्याने एखादा भाग पुरेशा कसोट्यांवर उतरण्यापूर्वीच स्वीकारावा लागे.

तथापि सर्व दोष परिस्थितीवर ढकलता येत नाहीत. पेच योग्य दाबाने आवळणे, रंगापूर्वी पत्रा स्वच्छ करणे, बाहेर पडणारी प्रत्येक गाडी चालवून पाहणे यांसाठी परकीय चलनाची गरज नव्हती. खात्रीची बाजारपेठ असल्याने अशा शिस्तीची निकड भासली नाही. याच संरक्षणाच्या छायेत कुर्ला येथे बनलेली फियाट, म्हणजे नंतरची ‘प्रीमियर पद्मिनी’, आटोपशीर आकार व इंधनाची बचत यांमुळे मुंबईच्या टॅक्सीचालकांना अधिक पसंत पडली; परंतु तिच्याही बनावटीविषयी अशाच तक्रारी होत्या. यावरून दोष एका कारखान्यापुरता नसून व्यवस्थेचा होता, हे स्पष्ट होते.

स्पर्धेचा काळ : लोकांना परवडेल अशा छोट्या गाडीची योजना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चर्चेत होती. १९७१ मध्ये स्थापन झालेली मारुती लिमिटेड ही खाजगी कंपनी अपयशी ठरली. पुढे १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी निघाली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने तिची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये गुरगाव (गुरुग्राम) येथून बाहेर पडली. भारतीय कामगारांनी भारतात बनविलेली गाडीही दुरुस्तीविना चालू शकते, हे ग्राहकांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर अनुभवास आले. दर्जाविषयीच्या जुन्या वादाला मिळालेले हे सर्वांत प्रभावी उत्तर होते. कारण कामगाराचे कौशल्य किंवा देशाची परिस्थिती हेच दोषांचे मूळ असल्याचा युक्तिवाद त्याने निष्प्रभ केला.

हिंदुस्थान मोटर्सने डीझेल एंजिन, १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानी इसुझू बनावटीचे १·८ लिटर क्षमतेचे एंजिन व पाच वेगांची दंतचक्रपेटी असे बदल केले. १९९३ मध्ये प्रवासी गाड्यांच्या उद्योगावरील परवाना-पद्धती रद्द झाली आणि परदेशी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. याच सुमारास काही अँबॅसडर गाड्या ब्रिटनमध्ये विकण्याचा प्रयत्न झाला. तेथील नियमांसाठी त्यांत सुधारणा कराव्या लागल्या व तो प्रयत्न अल्पजीवी ठरला. वायुप्रदूषणाचे नियम कडक होत गेल्याने जुनी वाहने अडचणीत आली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००९ मध्ये कोलकाता परिसरातील १९९३ पूर्वीची व्यापारी वाहने रस्त्यावरून हटविण्यात आली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला करणारे दहशतवादी लाल दिवा लावलेल्या पांढऱ्या अँबॅसडरमधूनच आवारात शिरले होते. त्यानंतर पंतप्रधानांच्या ताफ्यात चिलखती परदेशी गाड्या आल्या. मागणी घटत जाऊन २४ मे २०१४ रोजी उत्तरपाडा येथील काम थांबविण्यात आले. २०१७ मध्ये ‘अँबॅसडर’ हे व्यापारचिन्ह ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीस विकण्यात आले.

मूल्यमापन : अँबॅसडरने ओतकाम, घडाई, दाबकाम व एंजिननिर्मिती यांचे ज्ञान भारतात रुजविले, कुशल कामगारांची पिढी घडविली आणि पूरक उद्योगांना आधार दिला, हे तिचे श्रेय आहे. २०१३ मध्ये एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने टॅक्सी म्हणून तिचा गौरव केला, तो तिच्या टिकाऊ सांगाड्यामुळे व ऐसपैस बैठकीमुळे. उत्पादन थांबल्यानंतर तिच्याविषयी जी आत्मीयता व्यक्त झाली, तिच्यात स्मृतींचा वाटा मोठा होता. ज्यांनी गाडीसाठी प्रतीक्षा केली आणि आलेली गाडी लगेच दुरुस्तीस नेली, त्यांचा अनुभव त्यामुळे पुसला जात नाही. देशी उत्पादनावर टीका करणे म्हणजे स्वावलंबनास विरोध करणे, असे संरक्षणाच्या काळात पुष्कळदा मानले गेले. वस्तुतः त्या टीकाकारांची अपेक्षा देशी वस्तू देशाच्या लौकिकास साजेशी असावी, एवढीच होती. नवोदित उद्योगास संरक्षण आवश्यक असते. मात्र त्याची मुदत व दर्जाची अट दोन्ही आरंभीच ठरविली नाहीत, तर लोकांची तक्रार कितीही रास्त असली तरी ती कारखान्यापर्यंत पोहोचत नाही, हे अँबॅसडरच्या इतिहासावरून दिसून येते.