समईच्या बिलावरचे दोन कर

कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलमध्ये कावेरीकाठच्या बारीक गाळमातीचे साचे करून त्यांत पितळ ओततात. समईची बैठक, खांब, तेलाची वाटी आणि शेंड्यावरचा हंस असे भाग वेगवेगळे घडतात, मग कानसून, उजळून एकमेकांत बसवतात. ही समई तिथल्याच दुकानातून घेतली, तर बिलावर एकाच किमतीवर दोन कर दिसतात : निम्मा केंद्राचा जीएसटी, निम्मा राज्याचा. तीच पुण्याला मागवली, तर दोहोंच्या जागी एकच एकात्मिक जीएसटी लागतो. केंद्र आणि राज्य यांच्यात सत्ता कशी वाटली गेली, याची कुळकथा या बिलात आहे.

तिचे मूळ 1935च्या भारत सरकार कायद्यात सापडते. त्या कायद्याने कारभाराचे विषय तीन याद्यांत विभागले : संघाचे, प्रांतांचे आणि दोघांचे. उत्पादनावरचे बहुतेक अबकारी कर संघाकडे गेले, दारूवरचा कर आणि मालाच्या विक्रीवरचा कर प्रांतांकडे आला. कागदावर रेघ स्वच्छ होती. पण वस्तू एकच, आज कारखान्यातून निघते आणि उद्या विकली जाते. मग तिच्यावरचा कर कोणाचा?

हा वाद पहिल्यांदा पेटला तो नागपूरहून चालणाऱ्या कारभारात. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने 1938 साली पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. हा तर अबकारी करच, तो आमचा, असे भारत सरकार म्हणाले. प्रकरण नव्या फेडरल कोर्टापुढे गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने प्रांताच्या बाजूने मत दिले. केंद्राच्या अधिकाराचा अर्थ इतका ताणायचा नाही की प्रांताला दिलेला अधिकार पोकळ होईल, हे त्या मतामागचे तत्त्व. संघराज्याचा प्राण मला याच तत्त्वात दिसतो.

तिकडे मद्रास प्रांतात राजाजींच्या मंत्रिमंडळाने 1937मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली होती. दारूचे उत्पन्न बुडणार, ते भरून काढायचे कुठून? मद्रासने 1939 साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. देशात असा कर पहिल्यांदाच आला. दिल्लीकडे हात न पसरता एका प्रांताने आपले धोरण आपल्या तिजोरीवर चालवले. उत्पादकाने केलेल्या पहिल्याच विक्रीवर हा कर घेता येतो का, हा खटलाही झाला आणि 1942मध्ये फेडरल कोर्टाने मद्रासचा अधिकार मान्य केला.

1950च्या राज्यघटनेने याद्यांची ही घडण सातव्या अनुसूचीत कायम ठेवली आणि विक्रीकर राज्यांच्याच हाती दिला. राज्याराज्यांतल्या व्यापारावरचा विक्रीकर 1956च्या सहाव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या यादीत गेला, पण वसुली माल पाठवणाऱ्या राज्याकडेच राहिली. त्यामुळे नाचियार्कोविलची समई पुण्याला गेली, तरी तिच्यावरचा केंद्रीय विक्रीकर तमिळनाडूला मिळे.

1 जुलै 2017पासून हे चित्र पालटले. 101व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 246अ घातला आणि एकाच विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार संसद व विधिमंडळ दोघांनाही दिला. कर जिथे वस्तू वापरली जाते तिथे जाऊ लागला. पुण्यात आलेल्या समईवरच्या करातला राज्याचा वाटा आता महाराष्ट्राचा. माल घडवणाऱ्या तमिळनाडूला हे जाचणार होते. 3 ऑगस्ट 2016 रोजी राज्यसभेत या दुरुस्तीवरच्या मतदानापूर्वी अण्णाद्रमुकच्या सदस्यांनी सभात्याग केला तो याच विरोधातून. राज्यांना पाच वर्षे भरपाईची हमी मिळाली, ती जून 2022मध्ये संपली.

या कराचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि ठरावाला तीनचतुर्थांश मते लागतात. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काही ठरत नाही, आणि एकट्या राज्याचा नकार काही थांबवू शकत नाही. परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022मध्ये सांगितले. तरी एकसारख्या करासाठी उभारलेल्या या व्यवस्थेत वेगळी वाट धरणे कोणत्याही राज्याला अवघडच.

जीएसटीबाहेर आज मुख्यतः दोनच मोठ्या वस्तू उरल्या : पेट्रोलियम आणि दारू. नागपूरने ज्या पेट्रोलच्या करासाठी हक्क सिद्ध केला आणि मद्रासने ज्या दारूचे उत्पन्न सोडून स्वतंत्र मार्ग शोधला, त्याच दोहोंवर राज्यांची करस्वायत्तता आता बव्हंशी टेकली आहे. देशभर एक बाजारपेठ होण्याचा लाभ मोठा आहे, तो नाकारू नये. पण ज्या राज्याला शाळा, दवाखाने आणि पोलीस चालवायचे आहेत, त्याला आपल्या मतदारांना विचारून आपला कर ठरवता आला पाहिजे. नाहीतर राज्याच्या यादीत विषय राहतील आणि ते पेलण्याचे बळ दुसऱ्याच्या हाती जाईल.