सार्वजनिक निसर्गप्रवेश : वर्धा जिल्हा

विरंगुळ्यासाठी रानात, टेकडीवर वा नदीकाठी जाण्याची सर्वसामान्यांना असलेली मुभा. स्वीडनमध्ये परंपरेनेच कोणालाही रानोमाळ हिंडता येते. इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या कायद्याने बरेच माळ आणि डोंगर पायी फिरणाऱ्यांना खुले झाले. महाराष्ट्रात अशा सरसकट हक्काचा कायदा नाही. इथे प्रवेश मिळतो तो परवान्याने, श्रद्धेने किंवा वहिवाटीने.

वर्धा जिल्ह्यातील परवान्याचे मुख्य ठिकाण म्हणजे सेलू तालुक्यातील बोर. बोर धरणाभोवतीचे सागाचे हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले. पुढे त्यात लगतचे वनक्षेत्र जोडून २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. १३८ चौ. किमी. क्षेत्राचा हा प्रकल्प तेव्हा देशात सर्वांत लहान होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरायला परवाना लागतो आणि परवान्याच्या मान्य कारणांत पर्यटनही आहे. २०१२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी ठेवला. फेरी ठरलेल्या रस्त्यांवरून, जिप्सीत बसून, गाईडसोबत. पावसाळ्यात सफारी बंद. वाघाच्या रानात हे योग्यच आहे. मात्र यात पायी चालणाऱ्याला जागा नाही, आणि जिप्सीचे भाडे शेतमजुराच्या घराला झेपणारे नसते. गाईड आसपासच्या गावांतले असतात, ही यातली जमेची बाजू.

बिनपरवान्याची ठिकाणे बहुधा श्रद्धेची आहेत. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे सर्व धर्मांचे लोक चढून जातात, आणि दर्शनाइतकेच महत्त्व डब्याला असते. पवनारला धाम नदीच्या पात्रातील खडकांवर सहली रंगतात. काठावर विनोबांचा आश्रम आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथल्याच पात्रात विसर्जित झाला. सेवाग्रामची बापूकुटी तर बारमाही खुली.

तिसरी वाट वहिवाटीची, म्हणजे पांदणीची (शेतांमधल्या गाडीवाटेची). शेतात जाण्याची वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्ताही मिळतो. हे दोन्ही उपाय शेतकऱ्यासाठी आहेत, फिरस्त्यासाठी नाहीत. तरी सकाळी फिरणारे नि पक्षी पाहणारे पांदणीच धरतात. अतिक्रमणाने ती बुजली की गाडीवाटेबरोबर त्यांचीही वाट बंद होते. सफारीचे नवे प्रवेशद्वार उभारण्याआधी बुजलेल्या पांदणी मोजून मोकळ्या केल्या आणि कडेला झाडे लावली, तर कमी खर्चात जास्त लोकांना रान मिळेल.