आईची वज्री

आई गेली तेव्हा तिची पितळी भांडी आम्ही मोडीत घातली. त्यात तिची रोजची वज्रीही गेली. पुढे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तशाच वज्र्या काचेमागे पाहिल्या आणि पाय तिथेच थबकले.

दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

ज्यांचे मूल गेले त्यांनी परक्यांच्या वस्तू जपल्या. आम्ही मात्र सख्ख्या आईची वज्री वजनावर विकली!

परवा तिचा उरलेला अडकित्ता नातीच्या हातात ठेवला. कुणाचा, तेही सांगितले.