‘रॉयल चार्ल्स’ : एका राजनौकेची कहाणी



मुंबई बेट पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, हे आपण शाळेतच शिकलो. ज्या कॅथरिन राजकन्येच्या विवाहाच्या तहात १६६१ साली ते आंदण लिहिले गेले, तिला पुढील वर्षी लिस्बनहून इंग्लंडला आणणाऱ्या नौकेविषयी आज बोलायचे आहे.

ही ८० तोफांची युद्धनौका १६५५ साली वूलिच येथे पाण्यात उतरली. तेव्हा इंग्लंडात राजा नव्हता, क्रॉमवेलचा अंमल होता. त्याच्या पक्षाने १६४५ साली जिंकलेल्या लढाईवरून तिचे नाव ‘नेझबी’ ठेवले गेले. नौकेच्या नाळेवर घोड्यावर बसलेल्या क्रॉमवेलची मूर्ती होती. १६६० मध्ये हीच नौका दुसऱ्या चार्ल्सला परत आणण्यास हॉलंडच्या किनारी गेली. पित्याच्या पराभवाचे नाव मिरवणाऱ्या जहाजातून स्वदेशी कसे जावे? राजाने तिचे नाव ‘रॉयल चार्ल्स’ केले. मूर्ती पुढे १६६३ मध्ये उतरवली गेली.

डचांशी युद्ध जुंपल्यावर १६६५ च्या लोस्टॉफ्टच्या लढाईत राजबंधू हिच्यावरूनच आरमाराचे नेतृत्व करीत होता. पण त्याच वर्षी प्लेग आला, १६६६ मध्ये लंडन जळाले आणि खजिना आटला. १६६७ साली मोठ्या नौका मेडवे नदीत नुसत्या नांगरून ठेवण्यात आल्या. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत. पोटासाठी ते त्या कमी किमतीत विकून टाकीत.

जूनमध्ये डच आरमार नदीत शिरले. अडसर म्हणून लावलेली लोखंडी साखळी १२ तारखेला निकामी झाली. आरमार कचेरीतील अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीतील नोंद अशी, की नऊ माणसांच्या एका होडीने ‘रॉयल चार्ल्स’ घेतली. तिच्यावर एकही माणूस नव्हता. पाणी उथळ असल्याने डचांनी तिला एका अंगावर कलती करून नेले. चॅथमच्या उत्तम वाटाड्यानेही त्या वेळी हे धाडस केले नसते, असे पीप्सने ऐकले होते. शत्रूच्या जहाजांवर इंग्रज खलाशीही होते आणि पूर्वी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख नाण्यांसाठी लढतो, असे ते ओरडून सांगत होते. लंडनमध्ये खलाशांच्या बायका, नवऱ्यांचे पगार थकविल्याचेच हे फळ, असे अधिकाऱ्यांना भर रस्त्यात सुनावीत होत्या. मला या साऱ्या कहाणीत त्या बायकांचा आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला सालीना दहा पौंडांवर देऊन टाकली. नौका मात्र डचांच्या उथळ किनाऱ्याला पेलली नाही. हेलेव्हुत्स्लाउस बंदरात लोक तिला पाहायला येत. १६७३ साली ती मोडीत विकली गेली. तिच्या मागील बाजूवरील सिंह आणि एकशिंगी घोडा असलेले राजचिन्ह मात्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये अजून आहे.