डिश आग्नेयेला, खांब ओळंब्यात : खान्देशात फ्री डिश बसवताना काय पाहावं

जळगाव/धुळे : मे-जूनचा वादळी वारा सुटला किंवा वानरांची टोळी गावात शिरली, की घरावरची डिश हलते. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतं. मेकॅनिक तालुक्याहून येणार, तोही हाताला काम नसेल तेव्हा. तोवर बातम्या नाहीत आणि हवामानाचा अंदाजही नाही. खरं तर दिशा आणि कोन माहीत असेल तर डिश पुन्हा लावणं हे तास-दीड तासाचं काम आहे. मात्र ते छतावरचं काम असल्यानं घाई चालत नाही.

फ्री डिश म्हणजे काय?

प्रसार भारतीने २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ही सेवा सुरू केली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून चालते. डिश, एलएनबी, केबल आणि सेट टॉप बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. फ्री डिशच्या रिचार्जसाठी कोणी फोन करून पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी.

या वाहिन्या जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच तो फिरतो, त्यामुळे आपल्याला आभाळात एकाच जागी असतो. म्हणून डिश एकदा नीट लागली की रोज फिरवावी लागत नाही.

आपल्याकडून दिशा कोणती?

पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली, म्हणजे आग्नेय. वास्तूत चूल मांडायला सांगतात तीच ही दिशा. उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेले अंश आणि जमिनीपासून वर धरायचा कोन साधारण असे :

- रावेर : दिशा १३९, उंची ५८ अंश
- जळगाव : दिशा १३८, उंची ५८ अंश
- शिरपूर : दिशा १३७, उंची ५७ अंश
- चाळीसगाव : दिशा १३६, उंची ५८ अंश
- धुळे : दिशा १३६ ते १३७, उंची ५७ ते ५८ अंश
- साक्री : दिशा १३५ ते १३६, उंची ५७ अंश

शेजाऱ्याची डिश पाहून आपली लावू नये. त्याची कंपनी वेगळी असेल तर उपग्रहही वेगळा. जळगावातून टाटा प्लेचा उपग्रह १६० अंशांवर, म्हणजे बराच दक्षिणेला आहे. एअरटेलचा ११९ अंशांवर, पूर्वेकडे झुकलेला. डिश टीव्हीचा मात्र ९५ अंश रेखांशावर, फ्री डिशच्या अगदी शेजारी आहे. खरा घोळ तिथंच होतो. चुकून तो पकडला तर बॉक्सवर सिग्नल दिसतो, पण फ्री डिशचा एकही चॅनेल लागत नाही.

जागा कशी निवडावी?

सातपुडा उत्तरेला, त्यामुळे चोपडा, यावल, रावेरच्या गावांना त्याची आडकाठी नाही. दक्षिणेकडे अजिंठ्याचे डोंगर आहेत, पण ५८ अंश म्हणजे बरंच वर पाहायचं असल्यानं तेही सहसा आड येत नाहीत. आड येतं ते अंगणातलं निंबाचं झाड, शेजारची माडी किंवा पाण्याची टाकी.

हिशेब सोपा आहे. झाड डिशपेक्षा ८ मीटर उंच असेल, तर आग्नेयेला ते किमान ५ मीटर लांब हवं. झाड वाढतं हेही धरून चालावं. उन्हाळ्यात पानगळीत लावलेली डिश पावसाळ्यात पालवीआड जाते.

जागा तपासायची एक बिनखर्चाची रीतही आहे. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि २ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना सूर्य जवळपास उपग्रहाच्याच जागी असतो. त्या वेळी डिशच्या जागेवर ऊन असेल तर वाट मोकळी. सावली असेल तर जागा बदलावी. सूर्याकडे पाहायचं नाही, सावलीच पाहायची. त्याच दिवसांत त्या वेळेला काही मिनिटं चित्र तुटतं, कारण सूर्याचाही आवाज डिशमध्ये शिरतो. तो बिघाड नव्हे.

बसवण्याची रीत

१. खांब आधी. डिशपेक्षा खांब महत्त्वाचा. स्लॅबवर फास्टनरने किंवा भिंतीच्या अँगलवर घट्ट बसवावा. नुसत्या पत्र्याला किंवा धाब्याच्या मातीला आवळलेला खांब पहिल्याच वादळात हलतो. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी धरून खांब सरळ आहे का पाहावं. खांब कलला की क्लॅम्पवरचा कोनाचा आकडा खोटा ठरतो.

२. कोन लावावा. डिशच्या मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात. तिथं ५८ धरून बोल्ट बेताचा आवळावा. डिश दिसायला समोर पाहते, पण एलएनबीचा दांडा खाली असलेल्या डिशला सिग्नल वरूनच येतो. म्हणून अंदाजाने तिला उताणी करू नये.

३. दिशा धरावी. मोबाइलचं होकायंत्र चालतं, पण लोखंडी खांब आणि पत्र्याजवळ ते चुकतं. चार-पाच पावलं लांब उभं राहून आग्नेयेला समोरची एखादी खूण पकडावी आणि डिश त्या खुणेकडे वळवावी.

४. केबल जोडावी. आरजी-६ केबल वापरावी. जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. एलएनबीला याच केबलमधून वीज जाते, तारेची जाळी मधल्या तारेला टेकली तर बॉक्स जळू शकतो.

५. बॉक्समध्ये सेटिंग. उपग्रह जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व, एलएनबी ‘युनिव्हर्सल’ ९७५०/१०६००. तपासायला फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकावा.

६. हळू फिरवावी. एकाने टीव्हीसमोर बसावं, दुसऱ्याने वर राहून फोन चालू ठेवावा. डिश डावी-उजवीकडे अगदी सावकाश सरकवावी आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावं. ६० सेंटीमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा १ अंशाने बदलते. डिश टीव्हीचा उपग्रह तर फक्त दीड अंश पुढं आहे. झटक्यात फिरवणारा खऱ्या जागेवरून पुढे निघून जातो.

७. ‘क्वालिटी’ पाहावी. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी एलएनबी नुसता जोडला तरी भरलेली दिसू शकते. आपला उपग्रह सापडला हे सांगते ती ‘क्वालिटी’. ती सर्वांत जास्त होईल तिथं थांबावं. मग वर-खाली थोडं पाहावं, शेवटी एलएनबी त्याच्या क्लिपमध्ये थोडा-थोडा फिरवावा. उपग्रह थेट दक्षिणेला नसल्यानं एलएनबी सरळ उभा ठेवून पूर्ण सिग्नल येत नाही.

८. आवळून खूण करावी. बोल्ट आळीपाळीने आवळावेत, आवळताना पट्टीवर लक्ष ठेवावं. मग खांब आणि क्लॅम्प दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. पुढे डिश हलली तर रेघ जुळवली की काम झालं.

एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी जोडात न जाता थेंबाने पडतं. जोडावर टेप गुंडाळावी.

सिग्नल गेला तर

- जोराच्या पावसात चित्र तुटतं, कारण पाण्याच्या थेंबांत हा सिग्नल जिरतो. पाऊस ओसरला की आपोआप येतं. डिशला हात लावू नये.
- काही चॅनेल गेले, बाकी सुरू : डिश ठीक असू शकते. खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते, त्यामुळे यादी बदलते. बॉक्सवर पुन्हा ‘ऑटो स्कॅन’ करावं. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ वाहिन्या दिसत नाहीत.
- दोन्ही पट्ट्या शून्य : आधी केबलचे जोड पाहावेत. उंदरांनी कुरतडलेली किंवा गंजलेली तार हे नेहमीचं कारण.
- स्ट्रेंथ आहे, क्वालिटी नाही : डिश सरकली आहे किंवा शेजारचा उपग्रह लागला आहे.

जिवापेक्षा टीव्ही मोठा नाही

महावितरणच्या तारा घराजवळून जात असतील तर लोखंडी खांब उभा करताना आधी वर पाहावं. तारेला पोचेल अशा अंतरावर खांब नकोच. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून वजन वाशावर घ्यावं. वारा, पाऊस किंवा विजा असताना वर चढू नये. विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावं. एकट्याने शिडी लावू नये, खाली धरायला माणूस हवाच.

वादळाचे दिवस लागण्याआधी, एप्रिलमध्येच एकदा पाना घेऊन खांबाचे आणि क्लॅम्पचे बोल्ट तपासून घ्यावेत. गंजलेला बोल्ट तेव्हाच बदलला की जूनच्या पहिल्या पावसात ऐन वेळी कोणाला पत्र्यावर चढावं लागत नाही.