अणू पुढे गेले, हिशेब मागे राहिला

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एकच प्रश्न, "मग संगणक कधी येणार?" मित्रहो, त्याआधी म्युनिकच्या अणूंची गोष्ट ऐका.

सुरुवात आपल्याच उपखंडातली. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइनस्टाइनना लेख पाठवला. त्याच्या आधारे आइनस्टाइननी भाकीत केलं, की पुरेसे थंड केलेले अणू एकाच अवस्थेत गोळा होतील. प्रयोगात ते दिसायला १९९५ उजाडलं. सत्तर वर्षं! एवढा धीर आपल्या कुठल्या समितीला आहे, सांगा.

१९९८ मध्ये पीटर झोलर आणि सहकाऱ्यांनी कागदावर मांडलं, की समोरासमोर सोडलेल्या लेझर किरणांतून उजेडाची जाळी बनते, अंड्यांच्या ट्रेसारखी. तिच्या खळग्यांत अणू बसवले, तर ते ठरावीक समीकरणाप्रमाणे वागतील. २००२ मध्ये म्युनिकला ते करूनही दाखवलं.

पण ही झाली स्थिरावलेल्या अणूंची गोष्ट. चहात दूध ओतलं की शेवटी सगळं एकसारखं होतं, हे कुणीही सांगेल. मधल्या क्षणांत काय होतं, ते सांगणं अवघड. अणूंचं तर फारच. फक्त ४० खळगे घ्या, प्रत्येक भरलेला किंवा रिकामा, तरी शक्यता एक लाख कोटींच्या वर जातात. गणिती लोक त्यातल्या बिनमहत्त्वाच्या छाटून काम भागवतात. पण वेळ जाईल तसे अणू एकमेकांत गुंतत जातात आणि छाटायला काही उरत नाही.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्युनिकच्या प्रयोगात रुबिडियमचे अणू एकाआड एक खळग्यांत बसवले आणि मधली भिंत अचानक खाली केली. अणू इकडून तिकडे हेलकावले, मग हळूहळू दोन्हीकडे निम्मे निम्मे झाले. संगणकाचा हिशेब सुरुवातीला छान जुळला. पुढे तो थकला. अणू मात्र चालत राहिले.

याला कुणी यंत्राचा विजय म्हणेल. मला नाही पटत. जिथे हिशेब पोचत नाही तिथल्या अणूंवर आपण विश्वास ठेवतो, तो जिथवर पोचला तिथवर जुळला म्हणूनच ना? म्हणून कट्ट्यावर माझा उलटा प्रश्न असतो: त्या सहा हजार कोटींतले किती कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांना मिळणार?