आधी वाढवा, मग वाटा

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट. ती वीज हजारो घरांना वाटता येते. पण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहाकडून आपल्या अँटेनाला मिळणारी शक्ती किती? एका वॅटला १ वर १६ शून्ये असलेल्या संख्येने भागल्यावर उरेल साधारण एवढी! ती दोन रिसीव्हरना कशी वाटायची?

नुसत्या तारा जोडल्या तर संदेश परावर्तित होतात आणि एक रिसीव्हर दुसऱ्याला त्रास देतो. यावर १९६० साली अर्नेस्ट विल्किन्सन यांनी उपाय सुचवला: पाव तरंगलांबीच्या दोन शाखा आणि त्यांच्या टोकांना जोडणारा एक रोधक.

तरीही प्रत्येकाला निम्मीच शक्ती मिळते. इथे हॅराल्ड फ्रिस यांचे १९४४ सालचे सूत्र उपयोगी पडते. पहिल्या प्रवर्धकाने संदेश पुरेसा वाढवला, की पुढच्या भागांच्या गोंगाटाला फारसे महत्त्व उरत नाही. खोडदच्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीतही प्रवर्धक डिशच्या नाभीपाशीच असतात.

म्हणून घरी विभाजक बनवताना आपण प्रवर्धक आधी जोडावा. विभाजनाने गेलेला संदेश नंतर वाढवला, तर गोंगाटही सोबत वाढतो.